आधी चालू वर्ग दाखवा: साताऱ्यातल्या खासगी प्राथमिक शाळांच्या संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव व विश्वस्त,
सातारा शहर आणि परिसरातील खासगी प्राथमिक शाळा

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच पोवई नाक्यापासून वाढे फाट्यापर्यंत तुमचे फलक झळकू लागतात. प्रवेश सुरू, जागा मर्यादित. आमची मुलगी सध्या मोठ्या गटात आहे, येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. तिला तुमच्यापैकी एखाद्या शाळेत घालायचं की घराजवळच्या नगरपालिकेच्या शाळेत, यावर आमच्या घरात गेले काही महिने बोलणं चाललं आहे. गल्लीत, ऑफिसात, बालवाडीच्या फाटकाशी ज्या ज्या आईचं मूल या वयाचं आहे, तीही हाच हिशेब मांडते आहे. म्हणून एकेका शाळेला वेगळं न लिहिता तुम्हा सगळ्यांना मिळून आणि उघडपणे लिहिते.

मागणी काय आहे ते आधीच सांगते. ज्या गोष्टी पाहून शाळा निवडायला हवी, नेमक्या त्याच गोष्टी तुमच्या शाळांत पालकांना पाहायला मिळत नाहीत. इमारत दाखवली जाते, चालू वर्ग दाखवला जात नाही. शुल्काचा आकडा सांगितला जातो, तो कसा ठरला हे सांगितलं जात नाही. शिक्षकांबद्दल तर कुणी काही बोलतच नाही. वर्ग दाखवा, शिक्षकांची आणि शुल्काची माहिती फलकावर लावा आणि मग आमच्या हाती प्रवेशअर्ज द्या.

तुमच्या शाळांकडे आमचा ओढा का आहे, हे मनापासून मांडते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीत मिळून साठपर्यंत मुलं असतील तर त्या शाळेला दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे लहान गावातल्या किंवा पट घसरलेल्या शाळेत एकाच बाई पहिली, दुसरी आणि कधी तिसरीही एकाच खोलीत घेऊन बसतात. काही बाई ते फार सुंदर करतात, पण सगळ्यांना ते जमतंच असं नाही. त्याच कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना लावायला मोकळीक ठेवली आहे. त्यावर ऑनलाइन माहिती भरणं आणि रोजचे अहवाल आहेतच. माझ्या सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. मतदार याद्यांच्या दिवसांत वर्गाचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तुमच्याकडे प्रत्येक इयत्तेला वेगळी शिक्षिका असते, वर्षभराचं वेळापत्रक बहुधा ठरल्याप्रमाणे चालतं, बस दारात येते. नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील तर बस ही चैनीची गोष्ट राहत नाही. त्या एका सोयीमुळे कितीतरी आयांची नोकरी टिकते. शिवाय इंग्रजी आहे. माझ्या पिढीतल्या मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जो अवघडलेपणा सोसला, तो मुलांच्या वाट्याला येऊ नये ही इच्छा खरी आहे आणि तिला कुणी हसू नये. सोबतचे पालक अभ्यासाकडे लक्ष देणारे असतात, हाही एक भाग. साताऱ्यात त्यात आणखी एक भर. सहावीच्या प्रवेशासाठी सैनिक स्कूलची आणि नवोदयची परीक्षा असते. मूल पहिलीत जायच्या आधीच घरात पाचवीच्या परीक्षेचा विषय निघतो, आणि अमुक शाळेची मुलं तिथं लागतात एवढ्या एका वाक्यावर प्रवेश ठरतो.

ही सगळी कारणं धरूनही मी थांबले आहे. कशामुळे, ते सांगते.

तुमच्यापैकी एका शाळेत आम्ही दोघं मुलीला घेऊन गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण असं एकाच शाळेत घडतं असं नाही. स्वागतकक्षात आमचं छान आगतस्वागत झालं. संगणककक्ष दाखवला, पोहण्याचा तलाव दाखवला, डिजिटल फळा दाखवला. पहिलीचा वर्ग चालू असताना दहा मिनिटं मागे बसू का, असं विचारलं तर मुलांचं लक्ष विचलित होतं, परवानगी नाही, असं उत्तर मिळालं. पहिलीला शिकवणाऱ्या बाईंना भेटायचं म्हटलं तर वर्गशिक्षिका कोण असतील ते जूनमध्ये कळेल असं सांगण्यात आलं. मग मुलीला आतल्या खोलीत नेऊन रंगांची नावं, आकडे आणि एक इंग्रजी कविता म्हणायला लावली, आणि आम्हाला आमचं शिक्षण आणि उत्पन्न विचारलं.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कोणत्याही प्रकारे चाळणी लावता येत नाही. लावली तर पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटींपर्यंत. मी तक्रार केलेली नाही. दंड होऊन माझ्या मुलीला चांगली बाई मिळणार नाही. पण साडेपाच वर्षांच्या मुलीला अनोळखी खोलीत एकटीला बसवून तपासायचं आणि ज्या खोलीत ती पुढची चार वर्षं बसणार ती खोली तिच्या आईला बघू द्यायची नाही, हे मला पटत नाही. तपासणीची खरी गरज आम्हाला आहे.

वर्गात बसून काय कळतं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. सासूबाईंना मी तेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "भिंती नको बघूस गं, वह्या बघ." फेब्रुवारीतल्या पहिलीच्या दहा वह्या उघडायच्या. दहाही वह्यांत तीच पाच वाक्यं त्याच क्रमाने असतील तर मुलांनी फळ्यावरचं उतरवून घेतलं आहे. प्रत्येक वहीत वेगळं काही असेल, अक्षर वाकडं असेल, एखादा शब्द चुकलेला असेल, पण वाक्य त्या मुलाचं असेल, तर तिथं कुणीतरी लिहायला शिकवतंय. भिंतीवरचे तक्ते मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत की मोठ्यांच्या? वाचनपेटीतली पुस्तकं हाताळून मऊ झालेली आहेत की कोरी करकरीत? बाई प्रश्न विचारून किती वेळ थांबतात? उत्तर चुकलं की काय करतात? मागे बसलेल्या गप्प मुलाकडे तासाभरात एकदा तरी जातात का? हे सगळं दहा-वीस मिनिटांत दिसतं. तलाव पाहून यातलं काहीही कळत नाही.

खासगी म्हणजे चांगली आणि सरकारी म्हणजे वाईट एवढं सोपं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या 'असर' पाहणीचा २०२४ चा अहवाल पाहा. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, खासगी शाळांत सुमारे ५९ टक्क्यांना. फरक आहे, मान्य. पण शुल्क भरून पाचवीपर्यंत पोचलेल्या मुलांपैकीही शंभरातल्या चाळीसेक जणांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, हाही त्याच पाहणीचा आकडा आहे. आणि तो फरक तरी सगळा शाळेचाच आहे का? ज्या घरात शुल्काला पैसे असतात, तिथं शिकलेली आई असते, पुस्तकं असतात, शिकवणी असते.

हा प्रश्न आंध्र प्रदेशात नीट तपासला गेला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांचा तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८० खेड्यांत चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खासगी शाळेत शिकण्याचा खर्च देण्यात आला आणि चार वर्षांनी त्यांची तुलना चिठ्ठी न लागलेल्या मुलांशी झाली. तेलुगू आणि गणितात दोन्ही गट सारखेच निघाले. खासगीतली मुलं हिंदीत पुढे होती. तुमच्या बाजूने त्यातलं एक सांगायलाच हवं: त्या खासगी शाळा तेवढंच शिकवायला दर मुलामागे सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी खर्च करत होत्या आणि तेलुगू-गणिताला वेळही कमी देत होत्या. म्हणजे त्या शाळा वाईट मुळीच नव्हत्या. पण पालकांना जी मोठी झेप अपेक्षित असते, ती केवळ शाळा बदलून पडली नाही. हे वाचल्यापासून मला फलकावरच्या नावापेक्षा आत काय चालतं याचीच जास्त काळजी वाटते.

आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच उदाहरणं आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दुसरीकडे खासगी असूनही वेगळी वाट धरलेल्या शाळा आहेत. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी उभी केलेली सृजन आनंद, पुण्याची अक्षरनंदन, नाशिकची आनंद निकेतन. या तिन्ही शाळांनी मराठी माध्यम सोडलं नाही. मुलं काय करतात, कशी शिकतात, याबद्दल त्या मोकळेपणाने बोलत आणि लिहीत आल्या. खासगी शाळा म्हणजे इंग्रजी माध्यम हे समीकरण अलीकडचं आहे. ते पुसता येणार नाही असं काही नाही.

माध्यमाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घरातला खरा वाद तिथंच आहे.

आमच्या घरात मराठी बोलतात. मुलगी दिवसभर प्रश्न विचारते आणि ते सगळे मराठीत असतात. पाऊस पडायचा कधी थांबतो, आजीच्या हाताला सुरकुत्या का, मुंगी झोपते का. पहिलीत इंग्रजी माध्यमात बसली की हे प्रश्न ती वर्गात विचारणार कसे? शेजारचा मुलगा दुसरीत आहे. त्याला वजाबाकी येते. गणित तोंडी मराठीत सांगितलं की उत्तर लगेच देतो. तेच पुस्तकातून इंग्रजीत वाचायला दिलं की 'लेफ्ट' म्हणजे डावा एवढंच त्याला आठवतं आणि किती उरले हे विचारलं आहे हे कळत नाही. त्याची आई त्याला गणिताची शिकवणी लावायच्या विचारात आहे. त्याला गणित येतंच आहे, त्याला अडवते आहे ती भाषा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतं, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत तसंच सुचवतं. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणायचे शासन निर्णय पालकांच्या आणि भाषेसाठी झटणाऱ्या लोकांच्या विरोधामुळे जूनअखेर मागे घ्यावे लागले. सहा वर्षांच्या मुलावर भाषांचं किती ओझं टाकायचं, यावर त्या वेळी घराघरांत बोललं गेलं. ते बोलणं तुमच्या शाळांच्या दारापर्यंत मात्र आलं नाही.

इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. चांगलं इंग्रजी मला हवंच आहे. म्हणून विचारते: इंग्रजी शिकवता म्हणजे काय करता? मुलांशी इंग्रजीत गप्पा मारतील, गोष्टी वाचून दाखवतील अशा बाई आहेत का, की प्रश्नोत्तरं पाठ करून घेतात? मूल अडलं तर बाई मराठीत समजावतात की मराठी बोललं म्हणून त्याला रागावतात? मराठीच्या तासाला कोण शिकवतं? २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. पण तो तास शेवटचा, दमलेल्या मुलांचा आणि ज्यांना दुसरा तास नाही त्या बाईंच्या वाट्याचा असेल तर त्याचा उपयोग काय? सेमी-इंग्रजीचा पर्याय तुमच्यातल्या काही शाळांत पूर्वी होता. तो बंद झाला असेल तर का केला, हेही पालकांना कळायला हवं.

आता शिक्षकांविषयी. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ओळखीतल्या एका मुलाला पहिलीच्या एकाच वर्षात तीन वर्गशिक्षिका मिळाल्या. पहिल्या दिवाळीआधी सोडून गेल्या, दुसऱ्या जानेवारीत. पहिलीतल्या मुलाला अक्षरांपेक्षाही आधी बाई ओळखू याव्या लागतात. त्या सारख्या बदलत राहिल्या की मूल वर्गात बोलायचंच थांबतं, आणि घरी येऊन शाळेत जायचं नाही म्हणतं. बाई का जातात, याचं उत्तर बहुतेक वेळा पगारात असतं. १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आहे, शिक्षक पात्रता परीक्षा आहे, वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. मी कुणाचा पगार विचारत नाही. एवढंच विचारते: तुमच्याकडे पहिली ते चौथीला शिकवणाऱ्या शिक्षिकांपैकी किती जणी तीन वर्षांहून जास्त काळ टिकल्या आहेत? किती जणींकडे डी.एड. किंवा तत्सम पदविका आहे? पगार बँकेत जमा होतो का, आणि मे महिन्याचा मिळतो का? बाळंतपणाची रजा मिळते का? एका तुकडीत किती मुलं आहेत? या पाच उत्तरांवरून मला तुमच्या शाळेबद्दल तुमच्या माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त कळेल.

शुल्काचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. समजा पहिलीचं शुल्क वर्षाला ५० हजार आहे आणि दर दोन वर्षांनी ते १५ टक्क्यांनी वाढतं. दहावीपर्यंतचे दहा वर्षांचे मिळून पावणेसात लाखांच्या जवळ जातात. बस, गणवेश, पुस्तकं, स्नेहसंमेलनाचे कपडे, सहल वेगळी. दुसरं मूल झालं तर दुप्पट. पहिलीतला प्रवेश हा चार वर्षांचा निर्णय वाटतो, पण तो प्रत्यक्षात दहा वर्षांचा असतो, कारण तिसरीत शुल्क झेपलं नाही म्हणून माध्यम बदलून मुलाला दुसरीकडे नेणं सोपं नसतं. ते तुम्हालाही माहीत आहे. म्हणूनच पहिल्या वर्षाच्या आकड्यापेक्षा पुढच्या वाढीची पद्धत आम्हाला आधी कळली पाहिजे.

राज्याचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे. त्याप्रमाणे दर वर्षी पालक-शिक्षक संघ व्हायला हवा, त्याच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा पालक चिठ्ठ्या टाकून निवडायला हवा, शुल्काचा प्रस्ताव त्या समितीपुढे यायला हवा आणि मंजूर शुल्क शाळेच्या फलकावर लागायला हवं. एकदा ठरलेलं शुल्क दोन वर्षं बदलता येत नाही. मी ज्या पालकांशी बोलले, त्यातल्या बहुतेकांना अशी समिती आपल्या शाळेत आहे की नाही हेच सांगता आलं नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर शुल्काविरुद्ध दाद मागायला २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. ज्या पालकांना एकमेकांचे फोन नंबरही मिळत नाहीत, ते २५ टक्के कुठून गोळा होणार? कायद्यातल्या या पळवाटेचा आधार तुम्ही घेऊ नये, अशी माझी विनंती आहे. समितीचा ठराव फलकावर लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

नगरपालिकेच्या शाळेत मात्र शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. कायद्याने विनाअनुदानित शाळांना यातून वगळलं आहे. त्यामुळे जिथं एक रुपया शुल्क नाही तिथं आई कारभारात बसते, आणि जिथं ती लाखांनी भरते तिथं तिला फाटकाशी थांबवतात. ही सूट कायद्याने दिली असली तरी ती वापरलीच पाहिजे असं नाही.

शिक्षण हक्क कायद्याने गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या पंचवीस टक्के जागांबद्दल तुमची तक्रार मला ठाऊक आहे आणि ती रास्त आहे. सरकारने प्रतिपूर्तीचा, म्हणजे या मुलांच्या शुल्कापोटी शाळेला द्यायच्या पैशांचा, दर वर्षाला दर मुलामागे १७,६७० रुपयांवर ठेवला आणि तेही पैसे वर्षानुवर्षं थकवले. त्यासाठी तुम्ही मोर्चा काढलात तर आम्ही पालक तुमच्याबरोबर येऊ. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या जागांतून मोकळीक दिली, तेव्हा अनेक संस्थाचालकांना बरं वाटलं. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मला तो निकाल माझ्या मुलीसाठी हवा होता. ती उद्या ज्यांच्याबरोबर या गावात राहणार, काम करणार, त्यांच्या मुलांशेजारी तिने पहिलीत बसावं. तुमच्या शाळेत ही मुलं त्याच तुकडीत बसतात का, सहलीला जातात का, गणवेशासाठी त्यांना वेगळं उभं केलं जातं का, हे मी येऊन विचारणार आहे.

सुरक्षेबद्दल फार लिहीत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ते कुणालाच नव्याने सांगायची गरज नाही. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाशी मावशी असतात का आणि बसच्या चालकापासून शिपायापर्यंत सगळ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, एवढं लेखी द्या. आणि चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनाने २०२४ मध्येच सांगितलं असताना पहिलीच्या मुलांसाठी बस पावणेसातला का निघते, तेही सांगा.

तुम्ही म्हणाल, पालक स्वतःच वातानुकूलित वर्ग आणि परदेशी सहली विचारतात, वह्या कुणी मागत नाही. खरं आहे. पण मांडणीत जे ठेवलं जातं तेच गिऱ्हाईक उचलून बघतं. तुमच्यापैकी एका शाळेने जरी प्रवेशाच्या टेबलावर पहिलीच्या मागच्या वर्षीच्या वह्या, नावं झाकून, ठेवल्या तरी पुढच्या वर्षी पालकांचे प्रश्न बदललेले असतील.

हे गाव साधं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे ती साताऱ्यात आणली. ती संस्था सरकारी नव्हती. लोकांनी मूठमूठ धान्य दिलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. ज्यांनी धान्य दिलं त्यांना मुलं काय शिकतात हे विचारायचा हक्क होता. संस्था काढणाऱ्याने लोकांना उत्तर द्यायचं, ही इथली रीत आहे आणि तुमच्यातल्या कित्येकांचे वडील-आजोबा त्याच संस्थेत शिकले आहेत.

तर मी काय मागते आहे? डिसेंबरपासून प्रवेश संपेपर्यंत आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी दोन पालकांनी पहिलीच्या वर्गात मागे बसून एक तासिका पाहावी. शाळेच्या दर्शनी भागात एक फलक लावा, त्यावर शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक), मान्यता कोणत्या मंडळाची आणि कोणत्या इयत्तेपर्यंत आहे ते, प्राथमिक शिक्षिकांची पात्रता आणि त्या शाळेतल्या सेवेची वर्षं, तुकडीतली मुलांची संख्या आणि पालक समितीने मंजूर केलेलं दोन वर्षांचं शुल्क असावं. मान्यतेचं मुद्दाम लिहिलं, कारण दर वर्षी शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी काढतो आणि ती येते तोवर शुल्क भरून झालेलं असतं. मुलाची आणि आमची मुलाखत थांबवा. गणवेश आणि वह्या कुठून घ्यायच्या ते आमच्यावर सोडा.

यातलं काहीही खर्चाचं नाही. यामुळे काही पालक तुमच्याकडे न येता नगरपालिकेच्या शाळेत जातील, हे मी मान्य करते. जे येतील ते मात्र समजून येतील आणि वर्षाच्या मध्यात भांडणार नाहीत.

आमच्या वॉर्डातल्या नगरपालिकेच्या शाळेतल्या बाई 'गुढीपाडवा, पट वाढवा' या मोहिमेत घरोघरी येतात. मागच्या पाडव्याला आमच्याकडेही आल्या होत्या. वर्ग बघायला कधी येऊ असं विचारलं तर म्हणाल्या, उद्या या, अकरा वाजता गणित असतं. त्या शाळेत किती शिक्षक कमी आहेत आणि पावसाळ्यात कोणती खोली गळते, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही जाऊन बसलो. वर्ग कसा होता ते इथं सांगत नाही, कारण हे पत्र त्या शाळेची जाहिरात नाही. पण दोन्हीकडचं तोलायचं तर एका पारड्यात पाहिलेला वर्ग आहे आणि दुसऱ्यात अजून काहीच नाही.

आमचा निर्णय येत्या गुढीपाडव्यापर्यंत व्हायचा आहे. तुमच्यापैकी ज्या शाळेला हे मान्य असेल तिने तारीख आणि तासिका शाळेच्या फलकावर लावावी, म्हणजे आमच्यासारख्या इतरांनाही कळेल. आम्ही फोन बंद ठेवून मागे बसू, छायाचित्रं काढणार नाही, मुलांशी बोलणार नाही. तास संपल्यावर बाईंना वेळ असेल तर पाच मिनिटं त्यांच्याशी बोलायला आवडेल.

कळावे,
आपली नम्र,
पहिलीत जाणाऱ्या एका मुलीची आई
सातारा